न फिरवल्याने

घोडीवाल्या भाऊंना मी त्या दिवशी जे बोललो, ते आधी लिहून टाकतो. ते लपवलं तर पुढचं सगळं साळसूदपणाचं वाटेल.

जून 2020 ची गोष्ट. टाळेबंदीत अख्खी लग्नसराई कोरडी गेली होती. बँड नाही, वरात नाही, नवरदेव मास्क लावून मोटारसायकलवरून मांडवात. चंद्रपूरच्या जुन्या परकोटाच्या आतल्या एका बोळीत भाऊंच्या दोन घोड्या उभ्या होत्या आणि त्यांतली एक विकायची होती. पांढरी, नुकरा. म्हणजे केस पांढरे आणि खालची कातडी गुलाबी. नाव रोशनी. तिच्या बरगड्या लांबूनही मोजता येत होत्या. मी शिक्षकीतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला, बोलायची सवय सुटलेली नव्हती. म्हणालो, "मुक्या जनावराला नाचवून पैसा कमावलात, आणि त्याच्या पोटाला घालताना हात आखडला. तुम्हाला जनावर पाळायचा हक्क नाही."

भाऊ काही बोलले नाहीत. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पैसे घेतले, दावं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "न्या गुरुजी. फक्त उभी नका ठेवू जी."

हे वाक्य मी ऐकलं, पण घेतलं नाही. विकणारा माणूस काहीतरी बोलायचं म्हणून बोलतो, असं समजलो. पुढची तीन वर्षं मी त्या एका वाक्याचा अर्थ शिकलो, आणि त्याची फी रोशनीने भरली.

मुळात घोडं कशाला, असं गावात प्रत्येकाने विचारलं होतं. प्रश्न चूक नव्हता. आमचं गाव मूल तालुक्यातलं, झाडीपट्टीतलं. इथे धानाच्या बांध्या, मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलाव आणि गुडघाभर चिखल. या चिखलात काम करायला बैल लागतो, रेडा लागतो. गडचिरोली-चंद्रपूरची काठाणी गाय अंगाने लहान, खायला कमी आणि चिखलात चिवट. तिला 2023 च्या जानेवारीत स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली, तेव्हा गावात कुणाला नवल वाटलं नाही. घोडा मात्र आमच्याकडे वरातीत दिसतो, नाहीतर देवाच्या ठाण्यापाशी मातीचा. मातीच्या घोड्याला चंदी-वैरण लागत नाही. माझ्या डोक्यात मात्र आजोबा होते. ते पटवारी. रस्ते नव्हते तेव्हा पावसाळ्यात तट्टावरून गावोगाव फिरायचे. तट्टाच्या गोष्टी वडिलांनी इतक्या सांगितल्या की निवृत्तीनंतर एक घोडं दारात असावं, ही हौस मनात रुजून बसली. हौस घोड्याची होती. घोडं पाळण्याची होती का, हे मी स्वतःला विचारलं नव्हतं.

शिवाय एक जुनी अढी होती. 2019 च्या उन्हाळ्यात मी नॉर्वेला पुतण्याकडे गेलो होतो. पश्चिम किनाऱ्यावर, समुद्राचे फाटे डोंगरांत खोल घुसलेत त्या भागात तो राहतो. त्या फाट्यांना फियोर्ड म्हणतात, आणि तिथल्या घोड्याचं नावही फियोर्ड. पाहताक्षणी मला आजोबांचं तट्टू आठवलं. उंची साडेचार-पावणेपाच फूट, अंग मातकट पिवळं, कपाळावरच्या झुलपापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ. आयाळीत मध्ये काळे केस आणि दोन्ही बाजूंना पांढुरके. ती आयाळ कातरून अशी उभी ठेवतात की मधली काळी रेघ ब्रशने ओढल्यासारखी दिसते. शतकानुशतके त्या डोंगराळ शेतांवर नांगर आणि ओझी ओढलेलं हे जनावर. वजन चारशे-पाचशे किलो, पण चेहरा भाबडा.

पुतण्याच्या शेजारणीकडे असे दोन घोडे होते. हिरवंगार कुरण, पोटऱ्यांपर्यंत गवत, आणि त्या गवतात उभ्या घोड्यांच्या तोंडाला मुसकी! आपण डवरणीच्या वेळी बैलाने पिकाला तोंड लावू नये म्हणून बांधतो तशीच, फक्त प्लास्टिकची. खाली एक लहानसं भोक. त्यातून गवताची चार पाती आत जातील, पाणी पिता येईल, बस. मी पुतण्याला म्हणालो, "एवढा श्रीमंत देश, आणि जनावराला गवत मोजून?" त्याने ते शेजारणीला सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. तिने जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: या घोड्यांचे पूर्वज लांबलचक हिवाळा मूठभर वाळल्या चाऱ्यावर काढायचे. वसंतापर्यंत हाडं दिसायची, मग उन्हाळ्यात भरून यायचे. आता गवत बदललं, खत आलं, बारा महिने गोदामं भरलेली. घोड्याचं पोट मात्र जुनंच आहे. त्याला वाटतं, पुढे दुष्काळ आहे. मग ते साठवत जातं, आणि साठवलेलं खुरांना भोवतं.

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, कंजूषपणालाही शास्त्र असतं.

रोशनी घरी आली त्या दिवसापासून मी माझ्या शास्त्राप्रमाणे वागलो. सकाळी भिजवलेले हरभरे, दुपारी मूलच्या राइस मिलमधला कोंडा, संध्याकाळी ढेप आणि गुळाचा खडा. पावसाळ्यात धुऱ्यावरचं कोवळं हिरवं गवत, भाऱ्याने. गाय-म्हशीला चालतं ते हिला का चालू नये? गायीच्या पोटात चार कप्पे असतात, ती आधी गिळते आणि मग निवांत रवंथ करते. घोड्याचं जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान. त्याला ओकारी येऊच शकत नाही, आणि रानात सोडलं तर ते दिवसाचे चौदा-सोळा तास चालत चालत थोडं थोडं चरत राहतं. हा फरक मला ठाऊक नव्हता. मी तिला तीन वेळा ताट वाढत होतो, घरच्या पाहुण्यासारखं.

सहा महिन्यांत तिच्या बरगड्या बुजल्या, पुठ्ठे गोल झाले. मानेवर आयाळीखाली एक घट्ट वळकटी आली, ती मला रुबाबदार वाटायची. आल्यागेल्याला मी तिचे दोन फोटो दाखवायचो, "भाऊंकडची" आणि "माझ्याकडची". दुसरा फोटो कुणीतरी भाऊंनाही पाठवला. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

फिरवायचं राहून जायचं. सुरुवातीला आठवडाभर मी तिला तलावाच्या पाळीवरून नेलं. मग ऊन होतं, मग पाऊस होता, मग वाघ गावाच्या शिवेपर्यंत आल्याची बातमी होती. ताडोबाच्या आसपासच्या गावांत ही बातमी कधी जुनी होत नाही. शेवटी रोशनी गोठ्याशेजारच्या छपरीत उभी राहिली ती राहिलीच. उभ्या उभ्या ती एक पाय उचलून दुसऱ्यावर भार द्यायची, डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. मी नातवंडांना सांगायचो, "पाहा, वरातीची घोडी आहे, अजून नाचते." फार पुढे कळलं की एकटं कोंडलेलं घोडं असं डोलतं. पिंजऱ्यातलं अस्वल येरझाऱ्या घालतं, तसलाच तो प्रकार. तिच्या कोंडमाऱ्याला मी दीड वर्ष नाच म्हणत होतो.

2021 चा पोळा. तोरणाखाली बैलांची रांग लागली. मी शेवटी रोशनीला उभी केली. अंगावर झूल, कपाळाला बाशिंग. लोक हसले, पण कौतुकाने. पूजा झाल्यावर बैल घरोघरी जातात, तशी तीही गेली. प्रत्येक घरच्या बाईने तिच्या तोंडात पुरणपोळी दिली. किती घरं झाली, मी मोजली नाहीत. मी मागे मागे चालत होतो आणि माझी छाती पुढे होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी रोशनी हलेना. पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकलेले, मागचे पोटाखाली ओढलेले, सगळा भार मागे. उतारावर थांबवलेल्या गाडीचा ब्रेक कुणी दाबून धरावा, तशी उभी. मी गूळ दाखवला. तिने मान पुढे केली, पाय नाही. दावं ओढलं तर तिच्या अंगावर थरथर उठली. शेजारी म्हणाले, नजर लागली, पोळ्याला एवढी मिरवली. बायकोने मीठ-मोहरी ओवाळली. मी पायात खडा रुतला असेल म्हणून खूर उचलायला गेलो, तर एक पाय उचलताच ती दुसऱ्यावर उभीच राहू शकेना.

डॉक्टर आले. तरुण होते. त्यांनी आधी खुराला तळहात लावला, मग घोट्याखाली दोन बोटं ठेवली आणि माझी बोटं तिथे धरली. कुणी आतून दार ठोठावावं तशी नाडी उडत होती. खूर नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखं गरम. त्यांनी विचारलं, "खायला काय देता?" मी अभिमानाने यादी वाचली. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "आणि फिरवता किती?"

मी गप्प झालो. तीस वर्षं मी तिसरी-चौथीच्या पोरांना एक कोडं घातलंय. भाकरी का करपली? पान का सडले? घोडा का अडला? तिन्हींचं उत्तर एकच. पोरं एका सुरात ओरडायची, "न फिरवल्याने!" मी शाबासकी द्यायचो. आता घोडा माझ्याच दारात अडला होता, आणि उत्तर माझ्या तोंडातून निघत नव्हतं.

या दुखण्याला लॅमिनायटिस म्हणतात. डॉक्टरांनी सोप्या भाषेत सांगितलं. घोड्याचं खूर म्हणजे आपलं नखच, फक्त जाड. त्या नखाच्या आत पायाचं शेवटचं हाड नाजूक पदरांनी अडकवलेलं असतं. ते पदर सुजले की आतल्या हाडाची पकड सुटू लागते. आपलं नख ठेचून त्याखाली सूज आली, तर आपण रात्रभर बोट धरून बसतो. घोडीला त्याच सुजलेल्या नखांवर साडेतीनशे किलो पेलून उभं राहायचं असतं. कारणं बरीच असतात. एकदम पोटात गेलेलं धान्य आणि गोड हे एक. अंगावर साठलेली चरबी आणि रक्तात वाढलेलं इन्सुलिन हे दुसरं. तिच्याकडे दोन्ही होती. डॉक्टर माझ्या पोटाकडे न पाहता म्हणाले, "तुम्हाला साखर आहे का, गुरुजी?" मी हो म्हणालो. "मग तुम्हाला समजावणं सोपं आहे," ते म्हणाले.

पुढचे दिवस बर्फाचे. घमेल्यांत बर्फाचं पाणी आणि त्यात तिचे पाय. उभं राहायला मऊ जमीन हवी, म्हणून घराच्या नव्या खोलीसाठी आणलेली रेती आम्ही छपरीत पसरली. खोली त्या वर्षी झाली नाही, आणि बायकोने ते एकदाही बोलून दाखवलं नाही. औषधं डॉक्टरांची. हरभरे, कोंडा, ढेप, गूळ एका दिवसात बंद. राहिलं फक्त वाळलेलं गवत, तेही तासभर पाण्यात भिजवून आणि पाणी फेकून, म्हणजे त्यातली साखर थोडी धुऊन जाते. आमच्याकडची धानाची तणस म्हशी खातात, पण ती घोड्याला पचायला जड आणि सत्त्वाने हलकी. म्हणून रानातलं गवत कापून वाळवावं लागलं. ते एकदम पुढ्यात टाकलं तर ती तासाभरात संपवणार आणि उरलेला दिवस रिकामी राहणार. शेजारच्या ढिवरमामांनी मासे धरायचं एक जुनं जाळं दिलं. ते दुहेरी करून त्यात गवत भरलं आणि टांगलं. बारीक भोकांतून ती चार-चार काड्या ओढायची. दिवसभर तोंड चालू, पोटात बेताचं.

जाळ्यापुढे उभी असलेली ती पाहताना मला नॉर्वेतलं ते मुसकं आठवलं. त्या बाईला मी मनात कंजूष म्हटलं होतं.

सगळ्यात कठीण होती पहाट. पाच वाजता ती खिंकाळायची. त्या आवाजाने पूर्वी माझे पाय आपोआप हरभऱ्याच्या बादलीकडे वळायचे. आता मी अंथरुणात पडून ऐकायचो आणि स्वतःला दुष्ट समजायचो. एकदा उठलोच, मूठभर हरभरे घेऊन. बायको दारात आडवी उभी. म्हणाली, "तुमची साखर चारशेवर गेली, तेव्हा मी डब्यातले लाडू काढले. तेव्हा मी तुमची वैरी होते का?" मी हरभरे परत डब्यात टाकले. त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं की माझ्या खाऊ घालण्यात रोशनीच्या भुकेपेक्षा माझी भूक जास्त होती. बादली पाहून ती माझ्याकडे धावायची, ते मला हवं होतं.

खूर महिन्याला साधारण बोटाच्या पेरापेक्षाही कमी वाढतं. तिच्या पुढच्या खुरांवर, केसांच्या काठाशी, त्या पोळ्यानंतर एक आडवी वळी उमटली. महिन्यामागून महिने ती वळी खाली सरकत गेली. दिवाळीला ती एवढी उतरली, होळीला एवढी, असं आम्ही बोटाने दाखवायचो. ती जमिनीला टेकून नालबंदाच्या कानशीखाली निघून जायला जवळपास वर्ष लागलं. नालबंद नागपूरहून यायचा, दर सहा-सात आठवड्यांनी. चंद्रपुरात त्याचे जे जुने भाईबंद होते, त्यांची मुलं आता ग्रिल-गेट वेल्डिंग करतात. तो खूर तासताना मी दिवा धरायचो. माझी चूक तिच्या पायावर लिहिलेली होती, आणि ती दर दीड महिन्याला थोडी थोडी कापली जात होती.

हळूहळू चालणं सुरू झालं. आधी वीस पावलं मऊ मातीत, मग पाळीपर्यंत. उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यात पारा 46-47 च्या घरात जातो, म्हणून पहाटे साडेचारला. नुकरा घोडीच्या नाकावरची गुलाबी कातडी उन्हाने भाजते, हे तेव्हा कळलं. घामाबरोबर मीठ जातं म्हणून मिठाचा खडा टांगला, आणि पाण्याची टाकी दिवसातून दोनदा भरू लागलो. छपरीची मधली भिंत पाडली आणि पलीकडे काठाणीची कालवड बांधली. आठ दिवसांत रोशनीचं डोलणं कमी झालं. आता दोघी एकमेकींच्या मानेवर मान टाकून उभ्या राहतात.

इथे ही गोष्ट संपवता आली असती. चुकलो, शिकलो, सुधारलो. मनोगतं बहुधा इथेच संपतात. पण मी दुसऱ्यांदा चुकलो, आणि ती चूक मला पहिलीपेक्षा जास्त लाजवते, कारण ती शहाणा झाल्यावर केलेली आहे.

मी वही घातली होती. दर रविवारी छातीभोवती टेप लावायचा आणि आकडा लिहायचा. शिक्षकाला वही मिळाली की त्याला वाटतं, विषय हातात आला. 2022 च्या पावसाळ्यात आकडा उतरू लागला, दर आठवड्याला थोडा थोडा. मी खूष. गावात सांगत सुटलो की घोडी कशी आटोक्यात आणली. बरगड्या दिसू लागल्या तरी मी म्हणालो, दिसू द्या, नॉर्वेत असंच असतं. एक दिवस ती मलूल असायची, दुसऱ्या दिवशी ठीक. खाणं चालू होतं, म्हणून मला काळजी नव्हती. मागच्या पायांवर सूज आली, ती मी चिखलावर ढकलली. वळताना तिचा मागचा भाग लटपटला, तेव्हा कुठे फोन केला.

डॉक्टरांनी ताप पाहिला आणि कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचेवर घेतला. सर्रा. 1880 मध्ये ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या पशुवैद्याने तेव्हाच्या पंजाबातल्या डेरा इस्माईल खान इथे घोड्या-उंटांच्या रक्तात ज्याला पहिल्यांदा वळवळताना पाहिलं, तोच हा एकपेशी जीव. गोमाशी एका जनावराला डसते, त्याने शेपटी मारली की अर्धवट प्यालेली उठते आणि तोंडाला लागलेल्या रक्तासकट दुसऱ्यावर बसते. गाय-म्हैस हा रोग पुष्कळदा अंगावर काढते. घोड्याला उपचार मिळाला नाही तर तो बहुधा जातो. हा जीव अंगावरचं आवरण बदलत राहतो. शरीराने एक रूप ओळखून मारेपर्यंत दुसरं तयार होतं. म्हणून ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो, आणि मधल्या बऱ्या दिवशी माझ्यासारखा माणूस निर्धास्त होतो.

आपल्या जिल्ह्याचा या रोगाशी एक वेगळा संबंध आहे, हे डॉक्टरांनी सुई भरताना सांगितलं. हा रोग माणसाला होत नाही, असंच धरलं जाई. 2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हाच जीव सापडला. महिनोन् महिने ताप येत-जात होता. माणसातल्या या संसर्गाची पहिली पक्की नोंद म्हणून ती 2005 मध्ये जगासमोर गेली. सुरामिन नावाच्या औषधाने तो बरा झाला. पुढे संशोधकांना कळलं की या जीवाला मारणारं जे प्रथिन बाकी माणसांच्या रक्तात असतं, ते त्याच्या रक्तात नव्हतं. हे ऐकताना मी गोठ्यातल्या त्या गोमाश्यांकडे पाहत होतो. त्यांना मी इतकी वर्षं नुसतं हाकलत आलो होतो.

रोशनी वाचली, पण थोडक्यात. तेव्हापासून पावसाळ्यात संध्याकाळी गोठ्यात कडुलिंबाच्या पाल्याचा धूर असतो, शेण रोज लांब टाकलं जातं, आणि तापमापी माझ्या खिशात असते. पण ती वही उघडली की अजून चटका बसतो. सगळे आकडे त्यात बरोबर लिहिलेले आहेत. ती आजारी पडली तो आठवडासुद्धा त्यात आहे, आणि त्या आकड्याशेजारी मी हिरव्या शाईने लिहिलंय, "छान!"

पहिल्यांदा मला जाड म्हणजे सुखी वाटलं होतं. दुसऱ्यांदा बारीक म्हणजे निरोगी वाटलं. दोन्ही वेळा मी घोडीकडे न पाहता माझ्या मताकडे पाहत होतो.

2023 च्या दिवाळीनंतर मी चंद्रपूरला भाऊंकडे गेलो. लग्नसराई परत सुरू झाली होती. त्यांच्या दाराशी एकच घोडी होती. वराती मला अजूनही आवडत नाहीत. त्या डीजेच्या भिंतीपुढे कुठलंही जनावर उभं करू नये, हे माझं मत बदललेलं नाही, आणि ते मी त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "मलेबी नाही आवडत जी. पन घोडी बँडवाल्याले नाही म्हनू शकत, आन् मीबी नाही." मग मी ज्यासाठी गेलो होतो ते बोललो. त्या दिवशी मी जे बोललो, ते चुकलं.

भाऊ थोडा वेळ थांबले. म्हणाले, "तुमी सगळंच खोटं नव्हते बोलले. त्या तीन महिन्यांत पोटभर नव्हतंच माझ्यापाशी. म्हनून तं इकली. पन त्याच्या आंधी दहा वर्षं होती माझ्याकडे, एक दिवस अडली नाही."

मी हिशेब केला. दहा वर्षं, सराईत रात्री कोसभर वरात, बाकी दिवस पहाटे इरई नदीच्या पुलापर्यंत फेरी, खायला कोरडा चारा आणि मूठभर चणे. माझ्याकडे सव्वा वर्षात ती अडली होती.

त्यांना मी गावी चला म्हणालो. पुढच्या रविवारी ते एसटीने आले. छपरी, रेती, जाळं, मिठाचा खडा, मी हौसेने उभारलेलं काहीच त्यांनी पाहिलं नाही. रोशनीने कान टवकारले. ते सरळ तिच्यापाशी गेले आणि मानेपासून हात फिरवत निघाले. मान, पाठ, बरगड्या, पोटाची शीर, मग एकेक पाय वरून खाली. खूर उचललं आणि नाकाशी नेऊन वास घेतला. पावसाळ्यात खूर कुजायला लागलं तर आधी वास येतो. म्हणाले, "आता घोडी दिसते. मागं तुमचा फोटो आला होता, त्यात म्हस दिसत होती."

मी हसलो. मग विचारलं, "खरारा तर मीही रोज करतो. तुम्हाला हाताला काय लागतं?"

"खरारा तुमी चकाकीसाठी करता," ते म्हणाले. "इकडे या. डोळे मिटा."

मी डोळे मिटले. त्यांनी माझा हात धरला आणि तिच्या बरगड्यांवर सपाट ठेवला. हिवाळ्याचे केस वाढले होते. उघड्या डोळ्यांना तिथे काहीच दिसलं नसतं.

"दाबू नका. नुसता फिरवा. मोजा."

तीस वर्षं मी पोरांना तोंडी परीक्षेला उभं केलंय. मी मोजू लागलो. एक, दोन, तीन. केसांखाली, पातळ मांसाखाली, एकेक बरगडी बोटांना लागत होती. पाचवीनंतर माझा हात घाईने घसरला.

"किती झाल्या?"

"आठ."

"एक सुटली," भाऊ म्हणाले. "परत पहिलीपासून."